ट्रेवॅरोची बरणी

रूडी निस्कालाने आयुष्यात तीन गोष्टींवर विश्वास ठेवला. सौना, बर्फ आणि स्वतःचं मत. यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी त्याला कधी फसवलं नाही.

हे वाक्य त्याचंच आहे. सहकारी दुकानात, पोस्टात, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तो ते कुणालाही ऐकवतो. पूर्वी तो दुसऱ्यांची फजिती सांगायचा. तेव्हा लोक ऐकायचे, पण खुर्ची जवळ ओढायचे नाहीत. आता ओढतात.

रौहा गावात नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. रूडीने तीस वर्षं तो काउंटीच्या ट्रकने रस्त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलला. या कामाचा निष्कर्ष काय, असं त्याला कुणीतरी निवृत्तीच्या दिवशी विचारलं. "बर्फ अजून आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो घरामागच्या शेडमध्ये लहान इंजिनं दुरुस्त करायला बसला. बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइल, झाडं कापायच्या करवती, गोठलेल्या पाण्याला भोक पाडायची गिरमिटं, उन्हाळ्यात गवत कापायची यंत्रं. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याचा मालक चिडलेला, असं काहीही.

शेडच्या दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती. "मका कोंबड्यांना घाला."

यामागे त्याचं तत्त्वज्ञान होतं. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहात एक भाग मक्याचं अल्कोहोल असतं. मोटारीला ते चालतं, कारण मोटार रोज फिरते. स्नोमोबाइल मात्र एप्रिलमध्ये झोपते ती डिसेंबरात उठते. तेवढ्या महिन्यांत अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत हिरवट चिकटा धरतो. जुन्या रबरी नळ्या भिजलेल्या पावासारख्या फुगतात. म्हणून शहाण्या माणसाने पंपावरच्या शेवटच्या नळाचं, बिनमक्याचं निव्वळ पेट्रोल घ्यावं. महाग पडतं. पण इंजिन जगतं.

हे सगळं खरं होतं. रूडीची अडचण नेहमी हीच झाली. तो बरोबर असायचा, आणि बरोबर असलेला माणूस मागे वळून बघत नाही.

पेट्रोलची परीक्षा घ्यायला त्याच्याकडे काचेच्या बरण्या होत्या. पूर्वी त्यांत लेंपीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, बीटाचा मुरांबा असायचा. बरणीत खाली थोडं पाणी घ्यायचं, पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारायची. वरून पेट्रोल ओतायचं, झाकण लावून खळखळ हलवायचं, मग ठेवून द्यायचं. पेट्रोल निव्वळ असेल तर पाणी रेघेवर परत येतं. अल्कोहोल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात शिरतं आणि पाणी रेघेच्या वर चढलेलं दिसतं. रेघ खोटं बोलत नाही, असं रूडी म्हणायचा. दरवर्षी जानेवारीत, गोठलेल्या खाडीवरच्या मासेमारीच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, तो हा प्रयोग सहकारी दुकानात गल्ल्याशेजारच्या टेबलावर करून दाखवायचा. गर्दी व्हायची. त्या दिवशी कॉफी फुकट असते.

आणखी एक सांगायला हवं. दुरुस्त केलेली गाडी परत देताना रूडी तिच्या टाकीत एक छोटी बाटली ओतायचा. पांढरी बाटली, हिरवं झाकण. थंडीत नळीतलं पाणी गोठू नये म्हणून. त्याचा बाप लाकूडतोड्यांच्या छावणीत ट्रक चालवायचा, तोही ओतायचा. बाप सांगायचा, "बाटली आपण ओतायची, बाकीचं देव बघतो." रूडीने त्या बाटलीचं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. त्याच्या दृष्टीने तो आशीर्वाद होता.

क्लाइड ट्रेवॅरो हा त्याचा चाळीस वर्षांचा मित्र. क्लाइडचे आजोबा तांब्याच्या खाणीत काम करायला कॉर्नवॉलहून आले. रूडीचे फिनलंडहून. दोन्ही आजोबा एकमेकांना माणसात धरत नसत. नातवांनी मात्र चाळीस वर्षं दर शनिवारी रूडीच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, एकत्र घाम गाळला. वरच्या बाकावर, जिथे कान भाजतात, तिथे बसू शकणारा क्लाइड हा अख्ख्या जिल्ह्यातला एकमेव कॉर्निश. रूडीला त्याचा अभिमान होता. जणू त्याने तो स्वतः वाढवला होता.

चार वर्षांपूर्वी रूडीने क्लाइडची जुनी पिवळी स्नोमोबाइल दुरुस्त करून दिली. चौथ्या दिवशी गोठलेल्या खाडीच्या मधोमध ती बंद पडली. क्लाइड मासे पकडायच्या खोपट्यातून परत येत होता. वारा सुटला होता. तो चार मैल चालला. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

रूडीने गाडी ओढून शेडमध्ये आणली आणि इंजिन उघडलं. पिस्टनला भोक पडलं होतं. पेट्रोलची नळी फुगून मऊ झाली होती. त्याने टाकीतलं पेट्रोल बरणीत घातलं, हलवलं, ठेवलं. पाणी रेघेच्या चांगलं वर चढलं.

तो बरणी घेऊन सहकारी दुकानात गेला. क्लाइड तिथे कुबडी टेकवून कॉफी घेत होता.

"कुठून भरलंस?" रूडी म्हणाला.

"शेवटच्या नळावरून. तू सांगतोस तिथून."

"हे बघ. रेघ बघ."

"बघितली. मी शेवटच्या नळावरूनच भरलं."

"मग रेघ खोटं बोलतेय का?"

दुकानात सगळे होते. क्लाइडने कप खाली ठेवला. "मी खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुला?"

"दोघांतलं एक कुणीतरी बोलतंय," रूडी म्हणाला, "आणि बरणीला तोंड नाही."

त्याला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. घरी येऊन त्याने ते लेंपीला पुन्हा ऐकवलंही होतं. ती काही बोलली नाही. सदतीस वर्षांच्या संसारात तिचं गप्प बसणं म्हणजे काय हे त्याला कळायला हवं होतं. त्याला वाटलं, दाद दिली.

क्लाइड त्या शनिवारी सौनात आला नाही. पुढच्याही नाही. रूडीने बरणीवर पट्टी चिकटवली, "ट्रेवॅरो" असं लिहिलं आणि ती फळीवर ठेवली. दरवर्षी प्रयोगाच्या वेळी तो ती दाखवायचा. मनात त्याचा हिशोब सरळ होता. क्लाइड एक दिवस येईल, म्हणेल, 'चुकलो, घाईत पहिल्या नळावरून भरलं', आणि मग दोघं पुन्हा वरच्या बाकावर बसतील. रूडी त्याला लगेच माफ करणार होता. माफीचं वाक्यही त्याने तयार ठेवलं होतं. चार वर्षं तो शनिवारी सौना तापवायचा आणि दोन टॉवेल बाहेर काढायचा. दुसरा टॉवेल चार वर्षं नवाच राहिला.

यंदा, शर्यतीच्या आधीच्या बुधवारी, लेंपी जेवायला बोलवायला शेडमध्ये आली. शरद ऋतूत डॉक्टरांनी तिला मीठ बंद केलं होतं, तेव्हापासून ती भिंग घेऊन फिरायची. सूप, बिस्किटं, दात घासायची पेस्ट, जे हाताला लागेल त्यावरचं सगळं वाचायची.

"रूडी, मिथेनॉल म्हणजे काय?"

रूडी एका कार्बोरेटरच्या पोटात होता. "अल्कोहोलच. पण विषारी. का?"

"नव्याण्णव टक्के आहे म्हणे."

"मग ते सूप फेकून दे."

"सुपात नाहीये."

"मग कशात?"

"तुझ्या आशीर्वादात."

त्याने मान वर केली. तिच्या हातात हिरव्या झाकणाची बाटली होती.

"खाली अजून लिहिलंय," ती म्हणाली. "थांब, अक्षर मुंगीएवढं आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात वापरू नये. रबरी भागांना इजा होऊ शकते."

"बारीक अक्षरं वकिलांसाठी असतात."

"तू वाचली होतीस?"

"मला माहीत होतं त्यात काय आहे."

"काय आहे?"

बाटलीत काय आहे हे रूडीला माहीत नव्हतं. साठ वर्षं तो ती ओतत होता. बापाने सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं. दारू म्हटलं की चर्चमध्ये मान फिरवणारा त्याचा बाप आयुष्यभर ट्रकला पाजत होता.

त्याने एक रिकामी बरणी घेतली. पाणी, रेघ, वरून स्वतःच्या पिंपातलं निव्वळ पेट्रोल. हलवलं. पाणी मुकाट रेघेवर येऊन बसलं. रूडीला बरं वाटलं.

"आता यातलं घाल," लेंपी म्हणाली.

त्याने एक झाकणभर ओतलं. हलवलं. दोघं उभे राहिले. शेड गरम ठेवणाऱ्या स्टोव्हमध्ये लाकूड तडतडलं. पाणी रेघेच्या वर चढलं. फार नाही, नखभर.

त्याने बरणी उचलून पुन्हा हलवली.

"आणखी हलवलंस की खाली येणार आहे का ते?" लेंपी म्हणाली.

रूडीने फळीवरची ट्रेवॅरोची बरणी काढली. पेट्रोल पिवळं पडलं होतं, रेघ फिकी झाली होती. पाणी नवीन बरणीतल्यापेक्षा दुप्पट वर होतं. त्याला आठवलं. सगळ्यांच्या टाकीत तो एक बाटली ओतायचा. क्लाइडच्या टाकीत त्याने दोन ओतल्या होत्या. जास्तीच्या काळजीने.

पेट्रोलमधलं अल्कोहोल टाळायला तो वीस वर्षं लोकांना महागडं पेट्रोल घ्यायला लावत होता, आणि मग स्वतःच्या हाताने त्यात अल्कोहोल घालून देत होता. फुकट.

तो खुर्चीवर बसला. खुर्चीत एका करवतीची साखळी होती. ते त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

"या आठवड्यात किती गाड्या परत दिल्यास?" लेंपीने विचारलं.

"सात."

"बाटली?"

"सगळ्यांत."

"आणि रविवारी शर्यत. खाडीवर."

रूडी उठला आणि फोनकडे गेला. लेंपीने फोनवर हात ठेवला.

"जा," ती म्हणाली. "फोनवर नुसतं ऐकू येतं. चार वर्षं त्यांनी तुझं नुसतं ऐकलंय. आता तोंडही बघू दे."

गुरुवारी सकाळी तो नळी, रिकामी पिंपं आणि निव्वळ पेट्रोल ट्रकमध्ये घालून निघाला. पहिलं घर हिल्मा साल्मेलाचं. हिल्मा शहाऐंशी वर्षांची, रूडीच्या आईची धाकटी मैत्रीण. ती रविवारी स्नोमोबाइलवरूनच चर्चला जाते आणि पाद्र्याच्या मोटारीला ओलांडते. दोन वर्षांपूर्वी तिची गाडी बंद पडली, तेव्हा रूडीने तिलाही सुनावलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं अठरा मैल जाऊन ते महागडं पेट्रोल आणतेय."

"ते बरोबरच आहे, हिल्मामावशी."

"आणि तू त्यात हे घालतोस."

"हो."

"म्हणजे दूध मी अठरा मैलांवरून आणायचं, आणि पाणी तू दारात घालून द्यायचं."

"हो."

"बस, बाळ. असलं काही उभ्याने सांगू नये, चक्कर येते." तिने वेलदोड्याच्या पावाचा जाड तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "आणि ते ट्रेवॅरोचं काय?"

"त्याचंही तेच झालं असणार."

हिल्माने पावावर आणखी लोणी लावलं, पण तो तुकडा स्वतःकडे ओढला. "मग तू इथे काय खात बसलायस?"

रूडीकडे उत्तर होतं. आधी ज्यांच्या जिवाला धोका, त्यांच्याकडे जायला हवं. हे उत्तर इतकं योग्य होतं की त्यामागे लपता येत होतं. त्याने गुरुवारी चार घरं केली, शुक्रवारी सकाळी तीन. टाक्या रिकाम्या केल्या, नव्या नळ्या बसवल्या, पेट्रोल भरलं. प्रत्येक घरी कॉफी प्यावी लागली. एका घरी त्याला बारा वर्षांपूर्वीची करवत दाखवण्यात आली, "ही पण तूच मारलीस का?" म्हणून. एका घरच्या माणसाने फक्त घड्याळ बघितलं आणि विचारलं, "रूडी निस्काला चुकला, किती वाजले म्हणायचे?" सातव्या घरापर्यंत त्याची कबुली गुळगुळीत झाली. विनोद कुठे टाकायचा, थांबायचं कुठे, सगळं बसलं. निघताना त्याला जवळजवळ मजा यायला लागली होती. हेही तो आता सांगतो. म्हणतो, "मला फासावर चढवलं असतं तरी मी दोराच्या गाठीवर बोललो असतो."

शुक्रवारी दुपारी तो क्लाइडच्या दारात उभा राहिला. हातात बरणी होती.

क्लाइडने दार उघडलं. त्याचे हात पिठाने भरले होते. "काय विकतोयस?"

"हे तुझं आहे. परत आणलंय."

क्लाइडने बरणीकडे बघितलं. "लवकर आणलंस."

तो आत वळला. दार उघडं राहिलं, म्हणून रूडी आत गेला. क्लाइड किंचित लंगडत होता. ओट्यावर त्याच्या पेस्ट्या होत्या, मांस, बटाटा आणि कांदा भरलेल्या, वीतभर लांबीच्या करंज्या. तो त्यांच्या कडा मुरडत होता. रूडी टोपी हातात घेऊन उभा राहिला. सात घरी सरावलेलं वाक्य आठव्या घरी सुरूच होईना. इंजिन असतं तर त्याने प्लग काढून बघितला असता.

"तू मक्याचं भरलं नव्हतंस," तो शेवटी म्हणाला.

"मला माहीत आहे."

"अल्कोहोल मी ओतलं. बाटलीत होतं. मी बाटली कधी वाचली नव्हती."

क्लाइडची बोटं चालूच होती. "एक बाटली ओतलीस?"

"दोन."

"बाकीच्यांना किती?"

"एक."

"मग मला दोन का?"

रूडी टोपीच्या आत बघत राहिला. "तू एकटा खाडी ओलांडून जायचास. म्हणून."

क्लाइड थांबला. "म्हणजे तुझं माझं वैर असतं तर माझी बोटं वाचली असती."

"एक तरी," रूडी म्हणाला.

ते त्याच्या तोंडून निघून गेलं. क्लाइड हसला नाही. त्याने दुसरी पेस्टी पुढे ओढली.

"बोटांचं सोड," तो म्हणाला. "थंडी कुणाचंही काहीही नेते. मला खोटारडा म्हणालास, ते कुठे म्हणालास?"

"सहकारी दुकानात."

"कोण कोण होतं?"

"सगळे."

"आणि आत्ता इथे कोण आहे?"

रूडीने आजूबाजूला बघितलं. "मांजर."

"मांजराला माहीत होतं मी खोटं बोलत नाही." क्लाइडने ओव्हनचं दार उघडलं आणि पेस्ट्या आत ढकलल्या. "बरणी घेऊन जा. घरात पेट्रोल ठेवत नाही मी."

रूडी बाहेर आला. ओव्हनमध्ये दोन पेस्ट्या गेल्या होत्या. क्लाइड एकटा राहतो. दुसरी कुणाची, हे विचारायचा धीर रूडीला झाला नाही. ट्रकमध्ये बसल्यावर त्याला कळलं की माफीचं जे वाक्य त्याने चार वर्षं तयार ठेवलं होतं, त्याचा आता काहीच उपयोग नव्हता. ते दुसऱ्या बाजूने बोलायचं वाक्य होतं.

शनिवारी सकाळी सहकारी दुकान भरलं होतं. बातमी सात घरांतून निघाली होती, म्हणजे सगळ्या घरांत पोचली होती. तरी लोक काही माहीत नसल्यासारखे कॉफी पीत उभे होते. रौहात सभ्यपणा असाच असतो. हिल्मा खुर्ची टाकून पुढे बसली होती. क्लाइड मागे होता, मांजराच्या खाण्याच्या पिशव्यांपाशी.

रूडीने टेबलावर तीन बरण्या मांडल्या. पहिलीत निव्वळ पेट्रोल. पाणी रेघेवर. दुसरीत मक्याचं. पाणी रेघेच्या वर. हे दरवर्षीचं होतं. मग त्याने खिशातून हिरव्या झाकणाची बाटली काढली, पहिल्या बरणीत ओतली, हलवली आणि ठेवली. पाणी चढलं.

"ही बाटली मी ओततो," रूडी म्हणाला. "तुमच्या सगळ्यांच्या टाकीत. वीस वर्षं."

त्याने तिसरी बरणी उचलली. "ही तुम्हाला माहीत आहे. हिच्यावर नाव चुकीचं आहे."

त्याने पट्टीला नख लावलं. घरी त्याला वाटलं होतं, पट्टी एका झटक्यात निघेल आणि तो दुसरी लावेल. पट्टी निघाली नाही. चार वर्षं स्टोव्हच्या शेजारी राहून ती काचेला शिजल्यासारखी चिकटली होती. 'ट्रे' निघाला. 'वॅ' अर्धा निघाला. तो खरवडत राहिला. दुकानात फक्त त्याच्या नखाचा आवाज होता. कुणीतरी कॉफीचा घोट गिळला, तोही ऐकू आला. रूडीने आयुष्यात बरीच भाषणं केली होती, पण इतकं लांब एकही नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

"चाकू द्या रे कुणीतरी त्याला," मागून क्लाइड म्हणाला. "शर्यत उद्या आहे."

कुणीतरी चाकू दिला. पट्टी निघाली. रूडीने नवी पट्टी लावून 'निस्काला' असं लिहिलं आणि बरणी सगळ्यांकडे तोंड करून ठेवली.

"क्लाइड खरं बोलत होता," तो म्हणाला. "मी त्याला इथे, याच जागी, खोटारडा म्हणालो. खोटं मी बोललो. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं." मग त्याने बाटलीला झाकण लावलं. "कॉफी फुकट आहे," तो म्हणाला.

"ते आम्हाला माहीत आहे," हिल्मा म्हणाली.

लोक हसले. रूडीने मागे बघितलं, तेव्हा पिशव्यांपाशी कुणी नव्हतं. दार हळूहळू मिटत होतं.

दुपारी त्याने सौना तापवला. लेंपी खिडकीतून बघत होती. त्याने एक टॉवेल बाहेर काढला. थोडा वेळ उभा राहिला. मग दुसरा काढला.

"दगड चांगले तापू दे," लेंपीने हाक मारली. "उगाच घाई करू नकोस."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच म्हणतेय."

तो वरच्या बाकावर एकटाच बसला. पळीने दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली, कान भाजले. त्याने विचार केला की आता दर शनिवारी हे असंच चालेल, आणि ते बरोबरही आहे. बरोबर असण्याची त्याला सवय होती. पण ती याआधी इतकी कडू कधी लागली नव्हती.

बाहेरच्या खोलीत बूट आपटल्याचा आवाज झाला. एक बूट. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

दार उघडून क्लाइड आत आला. कमरेला टॉवेल होता. तोच, नवा. तो खालच्या पायरीवर चढला, मग मधल्या, मग वरच्या बाकावर येऊन बसला. चाळीस वर्षं बसायचा तिथेच, भिंतीकडच्या बाजूला.

"गारठा आहे इथे," तो म्हणाला. "काय जाळतोस, मका?"

रूडीने पळी भरून पाणी टाकलं. वाफ खाली आल्यावर क्लाइडने पाय लांब करून समोरच्या कठड्यावर टेकले, आणि डावा पाय रूडीच्या नजरेसमोर आला. बोटं गेल्यापासून रूडीने तो पाय पाहिला नव्हता. चार वर्षं तो त्या पायाबद्दल बोलला होता, बरणी हातात घेऊन, लोकांसमोर. बोटांच्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडी होती. अंगठा होता आणि शेवटची दोन.

रूडी बघत राहिला. नजर काढून घ्यावी की ठेवावी, त्याला कळेना.

"मोज," क्लाइड म्हणाला. "तुला मोजायची आवड आहे."

"तीन," रूडी म्हणाला.

"पेनाने रेघ मारून ठेव." क्लाइडने डोळे मिटले. "वर चढतात का बघू."

रूडीने पळी उचलली. त्याची नजर अजून त्या पायावर होती, म्हणून निम्मं पाणी दगडांवर पडलं आणि निम्मं त्याच्याच पायावर. क्लाइडने डोळे न उघडता विचारलं, "भाजलं?"

"हो."

"बरं झालं," क्लाइड म्हणाला. "पेस्टी आणलीय. बाहेर कोटाच्या खिशात आहे. कालची आहे, गरम करावी लागेल."